ॲप्रन खणाचा शिवावा की ठशाच्या सुती कापडाचा?

प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा ठरलाय, शिलाईत हात बसलाय, आणि कुर्ते-पिशव्यांच्या गर्दीत वेगळं काही म्हणून ॲप्रन शिवायचे आहेत, तर घोडं कापडावर अडतं. खण घ्यावा की हातठशाचं, म्हणजे लाकडी ठशांनी हाताने छापलेलं सुती? स्टॉलवर खण उठून दिसतो, ओट्यापाशी सुती कामाला येतं. ॲप्रन शेवटी ओट्यापाशीच जायचा आहे, हे मी आधी धरते आणि मग बाकीचा हिशेब मांडते.

खणाची बाजू मोठी आहे. जांभळा, चिंतामणी, डाळिंबी असे रंग लांबून माणसाला स्टॉलकडे ओढतात. अंगात बुट्ट्या, कडेला काठ, त्यामुळे सजावटीचं अर्धं काम विणकरानेच करून ठेवलेलं असतं. साधा खिसा लावला तरी नग भरलेला दिसतो. परदेशातल्या सुनेला, नव्या घराला भेट द्यायला लोक हाच उचलतात. हे कापड कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं, पण आपल्याकडे चोळीत आणि ओटीत पिढ्यानपिढ्या रुळलेलं. गिऱ्हाईकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

अडचण धाग्यात आहे. पारंपरिक खण सूत आणि रेशमाचा. बाजारात खण म्हणून मिळणाऱ्या कापडात मात्र पॉलिस्टर पुष्कळदा असतं. पॉलिस्टर ज्वाळेजवळ गेलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. गॅससमोर घालायच्या वस्तूत हे चालवून घेऊ नये, मग कापड कितीही देखणं असो. दुकानातून दोन-चार इंचांचा तुकडा मागून घ्या, त्यातले उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढा आणि चिमट्यात धरून जाळून पाहा. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आकसून त्याचा कडक मणी होतो. खण मुळात चोळीसाठी विणला जायचा, म्हणून हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद. मोठ्या माणसाचा ॲप्रन त्यातून काढायचा तर बंदांना दुसरं कापड जोडावं लागतं. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणजे इंटरलॉक किंवा अस्तर आलंच. त्यात रेशीमधाग्यावर तेलाचा डाग पडला की घरी रगडून धुता येत नाही. असा ॲप्रन मग खुंटीवरच राहतो.

सुती कापडाचं गणित सोपं. 44 इंच पन्ह्याच्या एक मीटरमधून साधारण 32 इंच लांब, 30 इंच रुंद ॲप्रन निघतो आणि उरलेल्या पट्टीत बंद आणि खिसाही बसतो. बगरूचं दाबू (चिखलाचा लेप देऊन छापलेलं), सांगानेरी फुलं, कच्छचं अजरख अशी निवड भरपूर. अजरखची गोष्ट सांगण्यासारखीही आहे: 2001च्या भूकंपानंतर धमडक्यातल्या कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. मात्र स्क्रीनवर छापलेलं कापड हातठशाचं म्हणून विकू नका. ठशाच्या जोडावर नक्षी किंचित सरकलेली दिसते, स्क्रीनवर ती सगळीकडे तंतोतंत येते.

सुतीला कष्ट आहेत ते कापण्याआधी. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावायची, नाहीतर पहिल्या धुण्यात ॲप्रन आटतो. गडद नीळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, कारण ती पांढऱ्या कुर्त्याला लागते. फिक्या रंगावर हळदीचा डाग दिसतो, पण उन्हात वाळवला की उतरतो. गडद अजरखवर तो मुळात फारसा दिसतच नाही.

मला स्वतःला तिसरी वाट पटते: अंग सुती, आणि खण फक्त वरच्या गळपट्टीला आणि खिशाच्या तोंडाला. खणातलं सूत आणि ठशाचं सूत सारखं आटत नाही, म्हणून दोन्ही कापडं आधी भिजवायची, नाहीतर जोडावर चुण्या पडतात. इथेही पॉलिस्टरचा खण नको. एका खणात असे बरेच नग निघतात, म्हणून खरा हातमागाचा खणही परवडतो. गोधडीच्या टाक्यांचे कातरणजोड ॲप्रन दिसायला सुरेख, पण त्यांत जाणारे तास जत्रेतल्या भावात क्वचितच वसूल होतात.

कुठे विकणार, यावरही निवड हलते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल बचत गटांचे असतात, एकटीने शिवणारीला आधी गट गाठावा लागतो. पुण्याच्या भीमथडी जत्रेत डिसेंबरात लोक चुलीवरचं जेवायला आणि घरासाठी घ्यायला येतात. तिथे रोजच्या वापराचा सुती ॲप्रन जास्त शोभतो. सोसायटीतल्या दिवाळी प्रदर्शनात भेटवस्तू शोधणारे जास्त, तिथे खणाचं काम पुढे टांगा.

भाव काढताना कापड, दोरा, बंद यांच्यासोबत स्वतःचे तास आणि स्टॉलचं भाडं नगावर वाटून धरा. पहिल्या खेपेला वीस नग नेणार असाल तर बारा सुती आणि आठ खणपट्टीचे न्या. पूर्ण खणाचा ऑर्डरशिवाय शिवू नका, आणि शिवलात तर सूत-रेशमाचाच. प्रत्येक नगाला कापड कोणतं आणि धुवायचं कसं, याची मराठीत चिठ्ठी बांधा.