नवीन म्हणून डेमोचा रिसीव्हर गळ्यात मारला, घेण्याआधी वाचा

स्पीकर आधी घेतले होते आणि ते अगदी मनासारखे मिळाले होते, त्यामुळे रिसीव्हर (घरच्या सिनेमाचे स्पीकर ज्याला जोडतात ते अॅम्प्लिफायरचं मशीन) घ्यायला गेले तेव्हा मी निर्धास्त होते. स्पीकरच्या मॅन्युअलचं पान सोबत नेलं होतं, त्यावर लिहिलेलं 4 ओम (स्पीकर विजेला किती अडवतो ते, आकडा कमी तर करंट जास्त ओढतो), सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक विजेवर किती मोठा आवाज देतो ते, 85 डेसिबल. विक्रेत्याने पान हातात घेतलं, वरवर नजर टाकली आणि परत दिलं. म्हणाला, मॅडम ओमचं टेन्शन घेऊ नका, हा बघा 165 वॅट पर चॅनल, सात चॅनल, तुमच्या स्पीकरला पुरून उरेल. मी दुसरं एक मॉडेल विचारत होते, त्यावर 100 वॅटच लिहिले होते पण 4 ओमचे स्पीकर चालतील असंही छापलं होतं, तर त्याने तो विषयच काढू दिला नाही, ते जुनं झालं, इथे 65 वॅट जास्त मिळतायत, काय विचार करताय. मला पटलं आणि मी घेऊन आले.

घरी जोडला, चालू केला, लगेच आवाज सुरू. वाटलं किती सोपं आहे.

तिसऱ्या दिवशी सिनेमा बघत होतो, मोठा आवाज असलेला भाग आला आणि आतून टक् असा आवाज होऊन सगळं बंद. समोर लाल दिवा लुकलुकतोय आणि डिस्प्लेवर प्रोटेक्ट, म्हणजे मशीनने स्वतःला वाचवायला बंद केलेलं. परत चालू केला, पाच मिनिटं चालला, परत तेच. वरची जाळी इतकी तापलेली की हात ठेववेना. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे वायर कुठेतरी शॉर्ट होत असेल. सगळ्या वायरी काढून टोकं नव्याने सोलून परत प्लगमध्ये बसवली, तरी तेच. मग म्हणे हवा लागत नाही. कपाटातून काढून उघड्यावर ठेवला, तरी तेच. शेवटी म्हणाला मेनूत जाऊन इंपीडन्स (ओमचंच सेटिंग) 4 ओम करा. केलं, आणि खरंच बंद पडायचा थांबला, पण आवाजातला जीवच गेला, ठोका असा बसतच नव्हता. त्या सेटिंगने रिसीव्हरमध्ये जास्त करंट द्यायची ताकद येत नाही, बहुतेक ठिकाणी आतलं व्होल्टेज कमी होतं म्हणजे तो कमी पॉवर देतो आणि म्हणून कमी तापतो. उपाय म्हणून मला हे सांगितलं गेलं याचा आजही राग येतो.

त्या रात्री मॅन्युअल शेवटपर्यंत वाचलं. 165 वॅट खोटं नव्हतं, पण त्याच्या बाजूला बारीक अक्षरात होतं 6 ओम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), एकच चॅनल चालू. म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा आकडा, तोही बाकीचे सहा चॅनल गप्प असताना. खालच्या ओळीत 8 ओम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.08 टक्के डिस्टॉर्शन, दोन चॅनल चालू, तिथे फक्त 80 वॅट. 4 ओमची ओळच नाही. आणि मागच्या बाजूला स्पीकर टर्मिनलच्या (वायरी जोडायच्या जागेच्या) खाली छापलेलं, 6 ते 16 ओम. म्हणजे माझे स्पीकर त्याच्यासाठी नव्हतेच, हे त्याच्या पाठीवरच लिहिलेलं होतं. 8 ओमच्या मानाने 4 ओमचा स्पीकर तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढतो, तापणार नाही तर काय होईल. वर ते 85 डेसिबलसुद्धा 2.83 व्होल्टला मोजलेले, 4 ओममध्ये ते 2 वॅट होतात, म्हणजे 1 वॅटला जेमतेम 82. आणि ज्या जास्तीच्या 65 वॅटवर मी भाळले ते खरे असते तरी 100 वरून 165 म्हणजे साधारण 2 डेसिबलचा फरक, कारण वॅट दुप्पट केले तरी 3 डेसिबलच वाढतात. हे गणित मला दुकानात जायच्या आधी माहीत असायला हवं होतं, म्हणून इथे सगळं लिहितेय.

पण एवढं करून विक्रेता हेच मॉडेल का रेटत होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. मेनूत स्पीकरची अंतरं बघायला गेले तर तिथे आधीच आकडे भरलेले, डावा 2.7 मीटर, उजवा 3.1, सबवूफर 4.4. मी तर माईक लावून ही अंतरं मोजायचं कॅलिब्रेशन केलंच नव्हतं! माझ्या खोलीत सबवूफर 4.4 मीटरवर ठेवायला जागाही नाहीये. मग टॉर्च घेऊन मागे बघितलं. स्पीकर टर्मिनलच्या कडांना ओरखडे, आणि सराउंड स्पीकरची वायर लावायच्या एका भोकात तांब्याच्या तारेचा एक बारीक केस अडकलेला. माझ्या सगळ्या वायरींना बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची पिन) आहेत, तो केस माझा असूच शकत नाही. खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि मशीनवरचा नंबर शेवटच्या तीन आकड्यांत वेगळे. मशीनवरचा नंबर कंपनीला कळवला तर उत्तर आलं की त्याची वॉरंटी आठ महिन्यांपूर्वीच सुरू झालीये. दुकानात डेमोला लावलेला पीस दुसऱ्या खोक्यात भरून मला नवीन म्हणून दिला होता.

फोनवर विक्रेता आवाज चढवून बोलला, खोकं फोडलं की परत नाही म्हणाला. तेव्हापासून मी फोनवर बोलणंच बंद केलं, दोन्ही नंबरांचे फोटो, त्या तारेचा फोटो, बिल आणि कंपनीचं उत्तर एकाच ईमेलमध्ये पाठवलं आणि लेखी उत्तर द्या म्हटलं. नऊ दिवसांनी रिसीव्हर परत घेतला, पण वापरल्याचं कारण देऊन थोडे पैसे कापलेच, ते अजून मिळालेले नाहीत.

दुसरीकडून घेताना दुकानातच खोकं उघडायला लावलं, मशीनवरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला आणि 4 ओमला किती पॉवर ते मॅन्युअलमध्ये दाखवा म्हटलं. दाखवलं तेव्हाच पैसे दिले. घरी चालू केल्यावर स्क्रीनवर पहिला प्रश्न आला, भाषा कोणती निवडायची. आधीच्या रिसीव्हरने हे मला विचारलंच नव्हतं.