अँबॅसेडरचे मागचे ब्रेक घरी दुरुस्त केले : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमची गाडी अँबॅसेडर मार्क ४. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून ‘शू’ दाबले जातात; शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. गेल्या मे महिन्यात मागचे ब्रेक घरच्या अंगणातच उघडले, दुरुस्त केले आणि त्यानंतर बेळगावचा अख्खा पावसाळा व हिवाळा गाडी चालवली. आता खात्रीने लिहिता येतं. मागचे लायनर पुन्हा पुन्हा बदलूनही ज्यांचे ब्रेक बिघडतात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : नवीन लायनर घालायच्या आधी ड्रममध्ये ओल कुठून येते ते शोधा.

आमच्या गाडीला गॅरेजमध्ये नवे लायनर बसले होतेच. थोडे दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच रडगाणं. पेडल खाली जायचं, दोनदा दाबल्यावर ब्रेक लागायचा. त्यात रस्ता ओला असला की नुसता पाय टेकला तरी डावं मागचं चाक एकदम धरायचं. जांबोटीच्या रस्त्याला पावसात, वळणावर, मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी सरकते तेव्हा पोटात गोळा येतो. घरची माणसं मागे बसलेली असताना हे चालवून घेण्यासारखं नाही. गॅरेजवाल्यांनी दरवेळी लायनर तेवढे पाहिले, ते भिजले कशाने हे कुणी पाहिलं नाही. याचा मला आजही राग येतो.

गाडी जॅकवर उचलली की लोखंडी स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा. विटांवर गाडी ठेवून खाली वाकणारे मी पाहिलेत; वीट दाबाने कधी फुटेल सांगता येत नाही. ड्रम काढण्याआधी अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करणारा स्क्रू) पूर्ण सैल करा, हँडब्रेक सोडा. झिजलेल्या ड्रमला कडेला काठ तयार होतो आणि शू त्याला अडकतात. ड्रम बिडाचा, लोखंडी हातोड्याने तडकतो. मध्ये लाकडी ठोकळा धरून ड्रम फिरवत फिरवत ठोकला की सुटतो. आतली काळी भुकटी हवा मारून उडवू नका, तोंडाने फुंकू तर नकाच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुफ्फुसात जातं. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि फडका टाकून द्या.

दोन्ही ड्रम आतून ओले निघाले. इथे एक साधी परीक्षा उपयोगी पडली. वाटीभर पाण्यात त्या तेलाचा थेंब सोडायचा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. उजवीकडचा थेंब विरघळला, डावीकडचा तवंग होऊन पसरला. म्हणजे दुखणी दोन, आणि दोन्ही वेगळी.

डावीकडे अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचं, तेल येत होतं. सील बदलणं सोपं. पण तो गेला कशाने? अ‍ॅक्सलच्या नळ्यावर छोटा ब्रीदर असतो. गाडी चालून आतलं तेल तापलं की हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. आमचा ब्रीदर खानापूरकडच्या तांबड्या चिखलाने गच्च बुजलेला. हवेला वाट मिळेना, मग तिने सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकललं. ब्रीदर पेट्रोलमध्ये धुऊन मोकळा केला, तेलाची पातळी तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंतच ठेवली. माझ्या मते या सगळ्या दुरुस्तीतलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि त्याला पैसा लागला नाही.

उजवीकडे व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा सिलिंडर, गळत होता. पिस्टन काढून आतून नख फिरवलं तर नख खड्ड्यांत अडकत होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर आमच्या भागात हवेत ओलाव्याला तोटा नाही. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. अशा सिलिंडरला नुसतं रबराचं किट घालणं म्हणजे फाटक्या छपराखाली नवी चटई अंथरणं. दोन्ही बाजूंना नवे सिलिंडर घातले.

ड्रम लेथवर मारणं (आतून कातून सारखा करणं) आणि शूवर लायनर बसवणं ही कामं बाहेरचीच. उद्यमबागेत लेथवाल्यांना काय तोटा! फक्त दोन्ही ड्रम सारख्याच मापाला मारून घ्या, नाहीतर एक चाक जास्त धरतं. परत आल्यावर लायनरवर खडू घासून ड्रम फिरवून पाहिला. खडू टोकांनाच पुसला जात होता, म्हणून टोकं थोडी घासली.

ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली हवा काढायला लेक पेडलवर बसली. सुरुवात डाव्या मागच्या चाकापासून, कारण मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) ते सर्वांत लांब. मी म्हणायचो "दाब, धर", निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडायचो, ती ओरडायची, "बाबा, खाली गेलं!" मग निपल बंद करून "सोड". बाटलीतले बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

आता वापराचं. पेडल वरच लागतं, पंप करावं लागत नाही. पावसाळ्यानंतर ड्रम मुद्दाम उघडले, दोन्ही कोरडे खडखडीत. हँडब्रेक मागच्या शूवरच चालतो, त्यामुळे तोही सुधारला; वंटमुरी घाटाच्या चढावर भरलेली गाडी उभी धरतो. सुरुवातीला लायनर बसेपर्यंत पेडल थोडं खाली गेलं, एकदा अ‍ॅडजस्ट केल्यावर थांबलं.

उणिवाही आहेत. सकाळी पहिल्या ब्रेकला चीं आवाज येतो. साचलेल्या पाण्यातून गेलं की काही क्षण ब्रेक मंद वाटतो. पेडल हलकं दाबून गाडी चालवली की कोरडा होतो. आणि ड्रम तो ड्रमच : चोर्ला घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. नव्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा मुरला की तोच १४० पर्यंत येऊ शकतो, आणि ऑइल उकळलं की पेडल थेट फळीला लागतं. म्हणून येत्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, सगळं ऑइल काढून नवीन भरणार आहे. ब्रीदरही तेव्हाच पुन्हा धुणार.