पाच महिने प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट: 68, 62 आणि मधले घोळ

घर न्यू जर्सीतलं, दुमजली, गॅसवरची फर्नेस (घर तापवणारी भट्टी), गरम हवा डक्टमधून. भिंतीवर साधा सात दिवसांचा प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट (वेळेनुसार घराचं तापमान बदलणारा), वायफाय नाही. नोव्हेंबर ते मार्च वापरल्यावर स्थिरावलेलं वेळापत्रक असं: सकाळी 6 ला 68, साडेआठला 62, संध्याकाळी 5 ला परत 68, रात्री 10 ला 62. आकडे फॅरनहाइटमधले, 68 म्हणजे 20 सेल्सिअस. अमेरिकेचं ऊर्जा खातंही जागेपणी 68 ते 70 सुचवतं. रोज आठ तास 7 ते 10 अंश खाली उतरवलं तर घर गरम-थंड ठेवायच्या वर्षाच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते, असं त्यांचं म्हणणं.

भारतातून नव्याने आलेल्या मंडळींना 68 गारच वाटतं आणि हात 74 कडे जातो. पण बऱ्याचदा दोष कोरड्या हवेचा असतो. आर्द्रता 20 टक्क्यांवर आली की ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की शॉक बसतो आणि तेच तापमान जास्त बोचतं. आधी साधा आर्द्रतामापक लावा. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) असेल तर बाहेर 20 फॅरनहाइटच्या वर असताना आर्द्रता 35 ते 40 टक्के ठेवा, बाहेर शून्य फॅरनहाइट झालं की 25 ते 30. त्याहून वाढवलं तर खिडकीच्या काचेवर पाणी साचतं, चौकटीला बुरशी धरते.

घर लवकर तापावं म्हणून 78 लावण्यात अर्थ नाही. साधी एका टप्प्याची फर्नेस 68 ला जेवढी उष्णता देते तेवढीच 78 लाही देते, फक्त बंद उशिरा होते.

खरी मेख इन्स्टॉलर मेनूत (बसवणाऱ्या माणसासाठीच्या सेटिंग्जमध्ये) आहे, आणि ती पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत दडवलेली असते. तासाला फर्नेस किती वेळा सुरू व्हावी, ही ती सेटिंग. अनेक थर्मोस्टॅटमध्ये ती आधीपासून 5 असते. धूर पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून बाहेर जाणारी, 90 टक्क्यांहून जास्त कार्यक्षम फर्नेस असेल तर 3 करा. नाहीतर ती सारखी पेटते-विझते. दुसरी सेटिंग रिकव्हरीची. ती चालू असेल तर सकाळी 6 ही ‘तापायला लागायची’ वेळ नसून ‘तापून झालेलं असायची’ वेळ. हे न कळल्यामुळे लोक 5 लावतात आणि फर्नेस चारला धडधडायला लागते. पंखा ‘ऑटो’वरच ठेवा, ‘ऑन’वर फर्नेस बंद असतानाही गार झुळूक अंगावर येत राहते.

आकडा 68 दिसतो पण घर उकडतंय? थर्मोस्टॅट काढून मागे बघा. वायरीच्या भोकातून भिंतीतली थंड हवा येत असते आणि सेन्सर फसतो. पुट्टीने भोक बुजवलं की काम झालं. उलटा प्रकार स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर: फोडण्या चालू, सेन्सर खूश, वरच्या खोल्या गारठलेल्या. वायफायवाला बसवायचा असेल तर सी वायर (थर्मोस्टॅटला सतत वीज मिळावी म्हणून लागणारी) आहे का ते आधी पाहा. वायरींना हात लावण्यापूर्वी फर्नेसचा स्विच बंद करा; आर (फर्नेसकडून वीज आणणारी) आणि सी या वायरी एकमेकांना चिकटल्या तर फर्नेसच्या बोर्डावरचा 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज जातो.

फिल्टर दर महिन्याला पाहा. तुंबला, किंवा बचत म्हणून अर्धे व्हेंट बंद केले, तर फर्नेस आतून जास्त तापते, लिमिट स्विच तिला मध्येच तोडतो आणि सगळे थर्मोस्टॅटला दोष देतात.

हे वेळापत्रक हीट पंपाला (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या विजेच्या यंत्राला) जसंच्या तसं लावू नका. पहाटे 6 अंश चढवताना त्यातली विजेची पूरक कॉइल पेटते आणि रात्रीची बचत तिथेच जाते. दोन-तीन अंशांचाच फरक ठेवा.

डिसेंबरात भारतवारी असेल तर थर्मोस्टॅट बंद करून जाऊ नका. 55 च्या खाली नको, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद आणि बॅटऱ्या नव्या. बॅटरी संपली की फर्नेस मुकाट बंद पडते, मग पाइप गोठून फुटायला एक कडक रात्र पुरते.

आणि 62 च्या रात्री इडलीचं पीठ फुगणार नाही. भांडं ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून ठेवा, आणि कुणी चुकून ओव्हन सुरू करू नये म्हणून दारावर चिठ्ठी डकवा.