जुनी बारव शोधायला वावरातल्या पांदणवाटेत शिरायचंय: टू-व्हीलर न्यावी की फोर-व्हीलर?

संक्रांत झाली की हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, कारण तेव्हा गवत वाळलेलं असतं, पाणी खाली गेलेलं असतं, खालच्या पायऱ्या उघड्या पडायला लागतात आणि ऊन अजून अंगावर आलेलं नसतं, म्हणजे बारवा, पायऱ्या उतरून पाण्याशी जायच्या जुन्या दगडी विहिरी, हुडकायचा खरा सीझन तोच. मी दोन्ही करून पाहिलंय. ५-६ वर्षं १०० सीसीच्या साध्या टू-व्हीलरवर बुलडाणा-अकोला-अमरावती पट्ट्यात फिरलो, मग घरी चारचाकी आली, उंच आहे, टायर चांगले आहेत, फोर बाय फोर नाही, तर पुढची २ वर्षं तीच घेऊन हिंडलो. आता परत टू-व्हीलरवर आलोय. का ते सांगतो, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

आधी हे ठरवा की नाव असलेली बारव पाहायची आहे की नाव नसलेली. लोणारची लिंबी बारव, सिंदखेडराजाची पुतळा बारव, दर्यापूर तालुक्यातली महिमापूरची सात मजली विहीर, इथं कोणीही रस्ता सांगतं आणि जवळपर्यंत गाडी जाते, तिथं बिनधास्त चारचाकी न्या, लेकरंबाळं म्हातारीकोतारी सगळ्यांना घेऊन जा. महिमापूर तर आवर्जून दाखवा. पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा खारपाणपट्टा, अमरावती अकोला बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला, जमिनीखालचं पाणीच खारट, बोअर मारली तरी तोंडात धरवत नाही अशी गावं आहेत, आणि अशा मुलखात कोणीतरी सात मजले खाली दगडात बांधत गेलं, हे वरच्या कठड्यापाशी उभं राहून लेकराला सांगितलं की त्याला पाण्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. लोणारलाही तसंच, सरोवराचं पाणी खारं आणि काठावरच्या गोमुखाची धार गोडी, बारमाही. पुतळा बारवेच्या भिंतीतली शिल्पं नीट बघायची तर सकाळी जा, उन्हाची तिरीप असताना बारकावे जास्त दिसतात असा माझा अनुभव आहे.

पण हा लेख त्या बारवांसाठी नाही. मी बोलतोय ते वावरातल्या, बोरी-बाभळीत बुडालेल्या, ज्यांचं नाव गावातल्या दोनचार जुन्या माणसांनाच माहीत आहे त्या विहिरींबद्दल. या सापडतात कशा, तर घरी बसून सॅटेलाइट नकाशावर वावराच्या मधोमध काळा चौकोन आणि बाजूला एकटंच मोठं झाड दिसलं की खूण करून ठेवायची, मग त्या जागेवरून पूर्वी कुठून कुठं बैलांचे तांडे जायचे, यात्रेची वाट होती का, याचा अंदाज घ्यायचा, आणि शेवटी गावात जाऊन विचारायचं. विचारताना "बारव" म्हणू नका, पुष्कळ ठिकाणी तो शब्द चालतच नाही. "पायऱ्याची विहीर" म्हणा, "जुनी बावडी" म्हणा. मी पहिली दोन वर्षं बारव बारव करत फिरलो आणि लोक मान हलवायचे, विहीर पाठीमागच्या धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, असायची.

तर आता गाड्या. चारचाकीच्या बाजूनं बोलायचं तर तिचे फायदे खरे आहेत आणि मी ते कमी करून सांगणार नाही. मार्चनंतर जाणार असाल तर १५-२० लिटर पाणी सोबत लागतं, टॉर्च, दोर, झाडं कापायची कुऱ्हाड, डबे, हे सगळं टू-व्हीलरवर बांधून नेणं म्हणजे कसरत. फोन हा मोठा मुद्दा आहे, हँडलवर लावलेला फोन एप्रिलच्या उन्हात इतका तापतो की गरम झाल्याची सूचना देऊन बंदच पडतो आणि तुमचा नकाशा, खुणा सगळं त्यात, चारचाकीत हे टेन्शन नाही. आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा ओला दुपट्टा अर्ध्या तासात कोरडा होतो, खिशात कांदा ठेवला तरी दुपारी बारानंतर टू-व्हीलरवर फिरू नये, हे मी स्वतः ऊन लागून दोन दिवस पडून राहिल्यावर शिकलोय. म्हणजे तुम्हाला उन्हाळ्यातच सुटी मिळते असं असेल तर माझं पुढचं सगळं वाचूनही चारचाकीच न्या.

टू-व्हीलरचा त्रास दोन ठिकाणी. एक, फुफाटा. ट्रॅक्टरनं खोल पाडलेल्या चाकोरीत पिठासारखी धूळ भरलेली असते, पुढचं चाक चाकोरीत गेलं की ते चाकोरीचं ऐकतं, तुमचं नाही, आणि बाहेर काढायला हँडल वळवलं की आडवे. हळू चालवा, दोन्ही पाय खाली सोडून. दुसरं, काटे. बाभळीचा वाळलेला काटा टायरमधून आरपार जातो, पूर्वी ट्यूबचं चाक होतं तेव्हा एकदा खामगावकडच्या एका पांदणीत मागचं चाक बसलं आणि गाडी डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत आणली, किती लांब ते मोजलं नाही पण दुपारचा चहाचा टाइम गेला. आता ट्यूबलेस आहे, बॅगेत हातपंप आणि पंक्चरच्या वाद्या असतात, त्यानंतर तसा अडकलो नाही. ॲव्हरेज, मेंटेनन्स वगैरे तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात मात्र दोन्ही घरी ठेवा, काळी माती ओली झाली की टू-व्हीलरच्या मडगार्डमधे भरून चाक जाम करते आणि चारचाकीला बसल्या जागी फिरवते, तिथं निवडीचा प्रश्नच नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं ठरलं ती.

पांदण ही बंडीसाठी, म्हणजे बैलगाडीसाठी, सोडलेली वाट. कागदावर रुंद असेल, पण दोन्हीकडून दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकत धुरे कोरले गेलेत, मधे बाभळी वाढल्यात, आणि आता उरलेली रुंदी एका ट्रॅक्टरपुरती. चारचाकी आत जाते, त्यात काही अडचण नाही, म्हणूनच माणूस फसतो. अडचण परत फिरताना आहे, आणि त्याहून मोठी अडचण समोरून कोणी आलं की.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, लहानपणी त्यांच्या मामाच्या गावाला मेहकरकडे बंडीनं जायचे. वाटेत एका पायऱ्याच्या विहिरीवर बैल सोडायचे, दशम्या खायच्या, पाणी प्यायचं आणि मग पुढं. ती विहीर कुठं होती हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं, फक्त उंबर, आत कोनाड्यात गणपती आणि उगवतीकडून उतरायच्या पायऱ्या, एवढं. मी नकाशावर शोधून शोधून एक जागा काढली आणि मागच्या फेब्रुवारीत त्यांना चारचाकीत बसवून नेलं, ७४ वय, गुडघे दुखतात, म्हटलं आरामात जाऊ. पांदणीत शिरलो, बराच आत गेलो, समोर उंबराचा शेंडा दिसायला लागला आणि आबा खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, हेच ते. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत कुटार, म्हणजे गुरांचा वाळलेला चारा, रचलेलं, दोन्ही बाजूंनी लोंबणारं. भरलेली ट्रॉली तो मागं घेऊ शकत नाही हे उघड आहे. वाट त्याची, काम त्याचं, तिकडं कुटार उतरवून त्याला अजून खेप आणायची होती. मागं मलाच जायचं होतं.

किलोमीटरभर तरी रिव्हर्स घेतला असेल. मागचा कॅमेरा धुळीनं आंधळा, आरशात नुसते काटे, बाभळीची फांदी काचेवर आणि पत्र्यावर खर्रर्र करत जाते तो आवाज तर अजून कानात आहे, आणि समोर तो बिचारा ट्रॅक्टरवाला पावलापावलानं आमच्या मागं, एका शब्दानं बोलला नाही हे त्याचं मोठेपण. शेवटी एका वळणावर मागचं चाक नालीत गेलं. वावरातून सात-आठ माणसं हातातलं काम टाकून आली, ढकललं, काढलं. तोपर्यंत सूर्य टेकला होता. आबा म्हणाले, "राहू दे आता, अंधारात काय दिसन." परत येताना ते गाडीत काहीच बोलले नाहीत. पत्र्याला रंग मारून घेतला, तो विषय संपला, पण आपल्या हौसेपायी सुगीच्या दिवसात आठ माणसांचा आणि एका ट्रॅक्टरचा तासभर घालवला हे मला फार लागलं. त्याआधीही दोनदा असंच मागं यावं लागलं होतं, थोडक्यात निभावलं म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती थोडी वैयक्तिक असेल. आमच्या भागातून समृद्धी महामार्ग गेला, मोजण्या झाल्या, तेव्हापासून वावरात चारचाकी थांबली की लोक आधी जरा लांबूनच बघतात. एका बाबांनी मला काच खाली करायला लावून विचारलं होतं, "मोजनीवाले हा काय भाऊ?" नाही म्हटलं तरी त्यांचा चेहरा सुटला नाही. तेच टू-व्हीलरवर गेलो, धुऱ्यावर थांबलो, रामराम केला, पाणी मागितलं, की माणूस येऊन टेकतो. "थे पायऱ्याची इहीर म्हंता काय? थे तं मांगंच रायली. चाला, मी बसतो मांगं, दाखवून देतो." असं म्हणून मागं बसलेल्या माणसांनीच मला निम्म्याहून जास्त विहिरी दाखवल्यात. सगळ्यांना असाच अनुभव येईल असं नाही, पण माझ्यापुरतं तरी मागची सीट हाच सगळ्यात भरवशाचा नकाशा निघाला.

त्या फसलेल्या दिवसानंतरच्या रविवारी मी आबांना विचारलं, टू-व्हीलरवर बसाल का. आई नको म्हणत होती. सकाळी सहाला निघालो, सीटवर गोधडीची घडी टाकली, कानाला दुपट्टा, डांबरी रस्त्यावर ४० च्या वर गेलो नाही. पांदणीत परत ट्रॅक्टर आला, दुसराच होता, मी गाडी धुऱ्यावर चढवून बोरीला चिकटवली, तो हात करून निघून गेला, अर्धा मिनिट. शेवटचा तुकडा चालत गेलो. वावरमालकाला आधी विचारलं, त्यांनीच पुढं होऊन काठीनं गवत झोडपत वाट केली आणि आग्यामोहळ कुठल्या बाजूला आहे ते दाखवलं, हे नेहमी विचारून घ्या, कमानीखाली मोहळ असतंच आणि त्या बाजूला आवाज, धूर काही करायचं नाही.

एकाच बाजूनं उतरायची वाट, जुन्या शास्त्रात अशा एका वाटेच्या बारवेला नंदा म्हणतात, दोन वाटांची भद्रा, तीनची जया, चारची विजया. उंबराची मुळं दोन पायऱ्या उचलून बसलीत. कोनाडा होता, गणपतीही होता, शेंदराचा थर इतका की रूप कळत नाही. मोटारीचा पाइप खाली सोडलेला, म्हणजे विहीर अजून वावर भिजवते. आबा भिंतीला हात धरून उतरले, मोठ्यानं मोजत, आणि चौदाव्या पायरीवर थांबले कारण पुढं गाळ. "एकवीस होत्या," म्हणाले, "आम्ही पोरं मोजत उतरायचो." मग तिथंच बसून डबा मागितला.

उरलेल्या ७ पायऱ्या गाळाखाली आहेत. यंदा संक्रांतीनंतर आम्ही ८-१० जण गाळ काढायला जाणार आहोत, मालक हो म्हणालेत, वरचं पाणी ते स्वतःच मोटारीनं उपसून देणार आहेत. घमेली, फावडी, दोर, जेवण हे सगळं चारचाकीत भरून गावातल्या शाळेपाशी उभी करायची आणि तिथून पुढं सामानासाठी बंडी सांगून ठेवली आहे. आबा माझ्या मागच्या सीटवर.