मदत कशी पोचवायची: रोख, कूपन की धान्य?

निधी मंजूर झाला, कुटुंबांची यादी पक्की झाली की एक प्रश्न उरतो आणि नेमका तोच सगळ्यात घाईत सोडवला जातो: लोकांच्या हातात द्यायचं काय? पैसे, कूपन की धान्याचं पोतं? बऱ्याचदा उत्तर संस्थेच्या सवयीवरून ठरतं. ज्यांची गोदामं आहेत ते धान्य देतात, ज्यांचा बँकेशी करार आहे ते पैसे देतात. माझं ठाम मत असं की हा निर्णय तिथल्या बाजारात चार दिवस हिंडल्याशिवाय घेऊच नये.

तिन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याचं काम 2011 मध्ये उत्तर इक्वेडोरमध्ये झालं. कोलंबियातून आलेले निर्वासित आणि त्यांच्या आसपास राहणारी गरीब स्थानिक कुटुंबं यांना संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने सहा महिने, दरमहा 40 डॉलर किमतीची मदत दिली. कुणाला रोख, कुणाला कूपन, कुणाला अन्न, हे सोडतीने ठरवलं. अन्न मिळालेल्या घरांत कॅलरी सगळ्यात जास्त वाढल्या. कूपनवाल्यांच्या जेवणात विविधता जास्त आली. पण एक हप्ता पोचवायला रोख आणि कूपनसाठी साधारण 3 डॉलर लागले, अन्नासाठी 11 डॉलरहून जास्त. वाहतूक, साठवण, पॅकिंग यांत गेलेला प्रत्येक डॉलर म्हणजे यादीतून वगळावं लागलेलं कुणाचं तरी घर.

एवढं वाचून रोखीच्या बाजूने कौल द्यावासा वाटेल. पण थोडं थांबा. त्याच सुमारास नायजरमध्ये रोख आणि अन्न यांची अशीच तुलना झाली आणि तिथे अन्न घेणाऱ्यांचा आहार सरस ठरला. रोख मिळालेल्यांनी बहुतेक पैसे एकगठ्ठा धान्य भरून ठेवण्यात आणि शेतीच्या खर्चात घातले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिथे टंचाईच्या महिन्यांत भाव चढतात, तिथे हातात पैसे आल्यावर शहाणं घर हेच करणार. पण प्रकल्पाचं उद्दिष्ट लहान मुलांच्या ताटात डाळ आणि तेल पडावं हे असेल, तर त्या हंगामात रोख कमी पडते. शिवाय तिथे अन्न पोचवण्याचा खर्च रोखीपेक्षा जेमतेम 15 टक्के जास्त होता. इक्वेडोरचं गणित तिथे लागूच पडलं नसतं.

म्हणून व्यापाऱ्यांपासून सुरुवात करा. आठवडी बाजारात पाच-सहा जणांना एकच प्रश्न विचारा: गिऱ्हाईक दुप्पट झालं तर तेवढा माल किती दिवसांत आणाल? ‘आठवड्यात’ असं उत्तर आलं तर रोख द्या. ‘रस्ता उघडला की बघू’ असं आलं तर धान्याची तयारी ठेवा. मेक्सिकोतल्या खेड्यांमध्ये हेच दिसलं होतं: सरकारी अन्नमदत आली तिथे दुकानातले भाव उतरले, रोख आली तिथे किंचित चढले आणि हा परिणाम दुर्गम गावांत जास्त होता. अशा गावात मदत न मिळालेल्या शेजाऱ्यालाही वाढलेल्या भावाची झळ बसते.

धान्य द्यायचं ठरलंच तर वाटपाच्या दिवशी फाटकाबाहेर उभे राहा. पोतं डोक्यावर घेऊन निघालेली बाई पुढच्या वळणावर त्यातलं थोडं विकते. अहवालात याची नोंद ‘गैरवापर’ अशी होते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तिला विचारा. अख्खा दाणा दिलाय, तो दळायला पैसे लागतात. सरपण घ्यायचंय. पोराला औषध हवंय. निम्म्या भावात विकलेलं ते माप म्हणजे तुमच्या नियोजनातल्या त्रुटीची किंमत आहे. पीठ द्या, नाहीतर दळणाचे पैसे सोबत द्या.

‘पैसे दारूत जातील’ ही शंका बैठकीत हमखास निघते. जागतिक बँकेच्या संशोधकांनी 2014 मध्ये 19 अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. रोखीचा खरा धोका महागाईत आहे. तुर्कस्तानात 2016 च्या अखेरीस युरोपीय संघाच्या पैशातून निर्वासितांसाठी कार्डावरची मदत सुरू झाली, दरडोई महिना 100 लिरा, पुढे 120. मग 2018 मध्ये लिरा कोसळला. कार्डावरचा आकडा तोच राहिला, पिशवी हलकी झाली. धान्याला कीड लागते, पण भाव चढले म्हणून पोत्याचं वजन घटत नाही.

कूपनबद्दल थोडक्यात. भाजी, अंडी, दूध घरात यावं एवढाच हेतू असेल तर ते उत्तम. पण ठरावीक दुकानांचीच यादी असली की ते दुकानदार भाव वाढवतात आणि म्हाताऱ्या माणसाला जवळचं दुकान सोडून लांब जावं लागतं. देणगीदाराच्या समाधानासाठी कूपन निवडू नका.

काही गोष्टींना मात्र पर्याय नाही. तीव्र कुपोषित मुलासाठीची 92 ग्रॅमची, 500 कॅलरींची पोषक पेस्टची पुडी वस्तूच्याच रूपात द्यावी लागते. मच्छरदाणीचंही तसंच: केनियात गरोदर बायकांना ती फुकटऐवजी 60 सेंटला देऊ केली, तर घेणाऱ्यांचं प्रमाण 60 टक्के-बिंदूंनी घटलं.

आणि बाजार बंद वाटला तरी एकदा खात्री करा. जुलै 2011 मध्ये दक्षिण सोमालियात दुष्काळ जाहीर झाला तेव्हा अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यातल्या भागात अन्नाचे ट्रक नेणं जवळपास अशक्य होतं. पण हवाला व्यापाऱ्यांचं जाळं शाबूत होतं. पैसे त्यातून गेले आणि दुकानदारांनी माल आणला.

करार लिहिताना पर्याय बदलण्याची मुभा त्यातच घाला: मुख्य धान्याचा भाव किती चढला की रोखीची रक्कम वाढवायची, त्यापुढे किती चढला की धान्यावर जायचं आणि तो निर्णय कुणाच्या सहीने होईल. सही करणारा माणूस दर आठवड्याला बाजारभाव बघणारा असावा, राजधानीतल्या कार्यालयात बसलेला नव्हे.