चितार ओळीमागचं फ्रेमिंगचं दुकान : आप्पांचा ॲप्रन इथे फ्रेम करून घेतला

साधा फोटो फ्रेम करायचा असेल तर एवढं आत शिरायची गरज नाही. नागपुरात चौकाचौकात फ्रेमवाले बसलेत. पण कुणाचा युनिफॉर्म, मेडल, आजीचा शालू, असं जाड, लोंबणारं, सपाट न राहणारं काही काचेआड ठेवायचं असेल तर चितार ओळीच्या मागच्या बोळातलं हे दुकान बघा. पाटीवर नुसतं ‘फोटो फ्रेमिंग’ लिहिलंय आणि तीही अर्धी तारांच्या गुंत्यामागे. मूर्तिकारांची दुकानं संपली की कुणालाही विचारा. मेट्रोच्या चितार ओळी चौक स्टेशनवरून चालत जाता येतं. गाडी नेऊच नका, निदान पोळा ते गणपती या दिवसांत तरी.

आमचं सामान जरा जगावेगळं होतं. माझे सासरे, आप्पा, फ्रीमेसन होते, म्हणजे एकमेकांना बांधव मानणाऱ्या, सगळ्या धर्मांच्या लोकांना घेणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद. तिच्या शाखेला लॉज म्हणतात. १९७९ साली लॉजमध्ये गेले ते गेल्या वर्षी वारले तोवर. मागे एक चपटी काळी बॅग राहिली. तिच्यात पांढऱ्या कोकराच्या चामड्याचा ॲप्रन, त्याला आकाशी निळी किनार आणि दोन्ही बाजूंना रुपेरी साखळ्यांचे झुबके, छातीवर लावायचं एक पदक, पांढरे हातमोजे, आणि ग्रँड लॉजचं, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेचं, सर्टिफिकेट. चामड्याचं म्हणून आजेसासूबाईंनी ही बॅग कधी आतल्या कपाटात येऊ दिली नाही, ती जन्मभर चपलांच्या रॅकवर राहिली. शेजारपाजारच्यांचं म्हणणं, आप्पा महिन्यातून एकदा भूतबंगल्यात जातात. आप्पांनी ते कधी खोडून काढलं नाही. मला वाटतं, त्यांना मजा येत असावी.

आधी आम्ही शहरातल्या एका एसी, चकाचक दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलानं ॲप्रन चिमटीत धरला आणि म्हणाला, गोंदानं बोर्डावर पक्का बसवून टाकू, साखळ्या मधे येतात त्या काढून टाकू. आम्ही बॅग बंद केली आणि उठलो.

इथले मालक साठीच्या पुढचे. हातातलं काम बाजूला ठेवलं, हात धुतले, पुसले, मगच बॅगेला हात लावला. पहिला प्रश्न, “हे कमरेले बांधतेत का जी?”

हो म्हटलं. इंग्लंडात दगड घडवणाऱ्या गवंड्यांच्या संघटना होत्या, त्यांची हत्यारं आणि त्यांचा ॲप्रन या लोकांनी खूण म्हणून घेतला. १७१७ साली लंडनमधल्या चार लॉजनी मिळून पहिलं ग्रँड लॉज काढलं, आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या आत कलकत्त्यात इंग्रजांचं लॉज सुरूही झालं. मुंबईत भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून १८४३ साली वेगळं लॉज निघालं. आपलं स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया मात्र १९६१चं. हे सगळं मी आप्पांकडून जेवताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे कारागिराचा कपडा हाये. मंग गोंद नाही लावायचा.”

त्याच रात्री त्यांचा फोन. सोबत व्हॉट्सॲपवर फोटो. “म्याडम, हे टी उलटे हायेत का मीच ॲप्रन उलटा धरला?”

इतक्या वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. ॲप्रनवर तीन ठिकाणी रुपेरी धातूची ती खूण आहे, उलट्या टीसारखी दिसणारी. लॉजमधल्या आप्पांच्या जुन्या मित्रांना विचारलं. ते म्हणाले, ॲप्रन बरोबर धरलाय आणि तो टी नाहीच. आडव्या रेघेवर उभी रेघ, म्हणजे दोन बाजूंना दोन काटकोन. साध्या मेसनच्या ॲप्रनवर त्या जागी निळी फुलं असतात. लॉजचा मास्टर, म्हणजे अध्यक्ष, झालेल्या माणसाला फुलांऐवजी ही खूण मिळते. पदकाचंही तसंच. गुण्या, म्हणजे गवंड्याचा काटकोन, आणि त्याच्या पोटात टांगलेली चांदीची पट्टी, तिच्यावर तीन चौकोन एका त्रिकोणाला चिकटलेले. मालकांच्या दुकानातल्या पोरानं ते आमच्याआधी ओळखलं : “हा तर पायथागोरस हाये ना, दहावीतला!” तोच. माजी मास्टरला मिळणारं पदक ते हेच. शाळेत आमच्या ह्यांना पायथागोरस कधी जमला नाही आणि तो सगळा वेळ चपलांच्या रॅकवर होता.

आता पितळी पट्टीची गोष्ट, कारण मला या दुकानाबद्दल लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळे. फ्रेमच्या खाली नावाची पट्टी करायची होती. नवऱ्याचं म्हणणं, नावापुढे ‘माजी वर्शिपफुल मास्टर’ हवं. एवढा मोठा मान, तो दिसायला नको का? मालकांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, “किती वर्सं होते मास्टर?” एक वर्ष. “आन् बाकी वर्सं काय करत होते?”

बाकीची बरीचशी वर्षं आप्पा दाराबाहेर बसले. त्या पदाला टायलर म्हणतात. लॉजचं काम सुरू झालं की दार आतून बंद, आणि बाहेर हातात उघडी तलवार घेऊन टायलर. कुणी उपरा आत शिरू नये हे बघायचं, उशिरा आलेल्याची सही रजिस्टरमध्ये घ्यायची, पाहुणा खरंच मेसन आहे का याची खात्री झाल्याशिवाय त्याला पुढे सोडायचं नाही. म्हणजे आत जे काय चालतं त्यातलं बरंचसं त्याला दिसतच नाही. मास्टर होऊन गेल्यावर आप्पांनी ही खुर्ची मागून घेतली. मे महिन्यात व्हरांड्यात कूलरही नसायचा. सोबत थर्मास, शब्दकोड्यासाठी घडी केलेला पेपर आणि मांडीवर तलवार. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर बोलायचं नाही असा दंडक आहे. घरी राजकारणावर भाजी थंड होईस्तोवर भांडणारा माणूस हे कसं पाळत असेल, असं सासूबाईंना नेहमी वाटे. मग त्यांनीच उत्तर शोधलं : बाहेर बसतात म्हणून जमतं.

टायलरकडे आणखी एक काम असतं. नवा माणूस दीक्षेसाठी येतो तेव्हा त्याला आत न्यायच्या आधी तयार करण्याची जबाबदारी टायलरची. त्या नवख्याला पुढे काय होणार याची काहीच कल्पना नसते, घसा सुकलेला असतो. इतक्या वर्षांत त्या लॉजमध्ये जो जो आला, त्याला दारात पहिला माणूस भेटला तो आप्पा. तेराव्याला घरी आलेल्यांत एक पारशी डॉक्टर होते, एक सरदारजी, एक मुस्लिम वकील, रेल्वेतले दोघे. प्रत्येकाचं आप्पांबद्दलचं बोलणं त्या व्हरांड्यापासून सुरू झालं. वकीलसाहेब म्हणाले, “घाबरू नका, मीही एकदा आत जाऊन आलोय, असं म्हणाले होते मला.” लॉजमधल्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, झेंद अवेस्ता, गुरू ग्रंथ साहिब असे ग्रंथ ठेवलेले असतात आणि ज्यानं त्यानं आपापल्या ग्रंथावर शपथ घ्यायची, पण कुठल्याही ग्रंथापर्यंत पोचायचं तर आधी आप्पांना ओलांडून जावं लागे.

रात्रीच्या जेवणाचा शेवटचा टोस्टही टायलरचा : जगात कुठेही, जमिनीवर किंवा पाण्यावर, अडचणीत सापडलेल्या बांधवांची लवकर सुटका होवो, असा त्याचा आशय. आप्पा तो लिंबू सरबताचा ग्लास उंचावून म्हणत, कारण दारूला ते शिवले नाहीत.

एवढं ऐकून मालक म्हणाले, “मंग टायलरच लिवा. मास्टर तर त्या बिल्ल्यावर दिसूनच राह्यला ना, ज्याले समजते त्याले समजते.” नवरा दोन दिवस कुरकुरला. लॉजच्या मंडळींना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं. पट्टीवर आता नाव, खाली ‘टायलर’, बस. कोरीव काम त्यांनी इतवारीतल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून करून आणलं. अक्षरं सुबक, काना-वेलांटीची चूक नाही.

आता कामाबद्दल. खोल पेटीसारखी फ्रेम आहे, सागवानी. फायबरची पट्टी स्वस्त पडते पण एवढ्या वजनाला त्यांनी नको म्हटलं. ॲप्रन वर्षानुवर्षं मधोमध घडी घालून ठेवलेला, त्यामुळे चामड्यावर आडवी मोड होती. इस्त्री फिरवली असती तर संपलंच असतं. त्यांनी तो प्लायखाली दाबून ठेवला. मोड पूर्ण गेली नाही, पण बसली. चामड्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही, जुन्या शिवणीच्या भोकांतूनच बारीक दोरा काढून मागच्या कापडाला टाके घातलेत. साखळ्या खऱ्याखुऱ्या लोंबतात. काच चामड्याला टेकू नये म्हणून आत पट्ट्या दिल्यात. साखळ्यांना पॉलिश करू दिलं नाही. ते चामड्यावर उतरेल म्हणाले. सर्टिफिकेटची रंगीत झेरॉक्स लावली आणि मूळ कागद परत दिला : शाई उजेडानं उडते, सही आप्पांच्या हातची आहे, ती फाइलमध्ये ठेवा. हे त्यांनी आपणहून सांगितलं. मूळ कागद लावून मोकळे झाले असते तरी आम्हाला काय कळणार होतं?

एका गोष्टीला मात्र ठाम नाही. मेसन गेला की त्याचे बांधव अकेशियाची डहाळी वाहतात, आत्म्याला मरण नाही याची ती खूण. आपल्याकडे बाभूळ त्याच कुळातली, म्हणून अंत्यदर्शनाला प्रत्येकानं बाभळीची एकेक डहाळी आणली होती. त्यातली एक मी वाळवून ठेवली होती, ती फ्रेमच्या कोपऱ्यात हवी होती. मालक म्हणाले, झाडपाला आत गेला की कसर आलीच समजा, आणि कसरीला चामडं, कागद, सगळं चालतं. मी पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. ऐकले नाहीत. डहाळी आता माझ्याकडे वेगळ्या डबीत आहे. थोडं वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

तक्रारी आहेत. वेळ पाळत नाहीत. “पोळ्याच्या आधी देतो” म्हणाले, मग “मारबत होऊ द्या”, मग गणपती. त्या दिवसांत अख्खी गल्ली मूर्तींत बुडालेली असते हे मान्य. पण आप्पांचं वर्षश्राद्ध सप्टेंबरात होतं, लॉजची मंडळी जेवायला येणार होती, आणि भिंतीवर नुसता खिळा. नंतर कारण कळलं : पावसाळी दमट हवेत चामडं काचेत बंद केलं तर आत बुरशी धरते, म्हणून ते ऑक्टोबरच्या कडक उन्हाची वाट बघत होते. कारण रास्तच होतं. मग फोनवर एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? फोन तर उचलायचेच नाहीत. आणि दुसरं, काच साधी आहे. समोर खिडकी असेल तर दुपारी ॲप्रनऐवजी आपलंच तोंड दिसतं. चकाकी न मारणारी काच मिळते, पण एवढ्या खोल फ्रेमला ती लावली की आतलं धूसर दिसतं. त्यांनी दोन्ही तुकडे ठेवून दाखवलं, साधी आम्हीच निवडली.

पट्टीसकट खर्च साडेसहा हजारांच्या आसपास. एसी दुकानानं याहून कमी सांगितलं होतं, गोंदासह. पैसे निम्मे आधी, निम्मे नेताना. यूपीआय चालतं, बिल मागितलं तरच मिळतं.

ज्यांच्या घरी अशीच काळी बॅग असेल त्यांच्यासाठी : ॲप्रन भिंतीवर लावायला लॉजची हरकत नसते, आम्ही आधी विचारून घेतलं. त्यात गुपित काही नाही; त्यांची गुपितं म्हणजे एकमेकांना ओळखायच्या खुणा, त्या बॅगेत सापडत नाहीत. फक्त पदाधिकाऱ्याचा गळ्यातला पट्टा आणि तलवार लॉजच्या मालकीची असते, ती परत करा. तलवार आमच्याकडे नव्हतीच. “तलवार कुठी हाये?” हे दुकानातल्या पोरानं दर खेपेला विचारलं आणि दर खेपेला हिरमुसला.

फ्रेम जड आहे. घरी येऊन लावून देत नाहीत. साध्या खिळ्यावर भरवसा ठेवू नका, ड्रिलनं भोक पाडून प्लग आणि दोन स्क्रू मारून घ्या, आणि भिंत ओल धरणारी नको. सोमवारी दुकान बंद असतं.