चोर्ला घाट उतरल्यावर: सांखळी की पणजी?

बेळगाव-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांचा फोन दरवर्षी ठरलेला. समुद्र बघून झालाय, या खेपेला नदीकाठचं जुनं गाव दाखव, गाडी एका जागी लावून पायी फिरता आलं पाहिजे, आणि दिवस एकच आहे. घरातलं कोणीतरी लगेच जुन्या गोव्याचं नाव घेतं. मी ते तिथेच खोडतो. तिथे मांडवी नदी आहे, बॉम जिझसचं चर्च आहे, जागतिक वारशाचा शिक्काही आहे. नाही ते गाव. साथींनी माणसं उठून गेली, १७५९ मध्ये व्हाइसरॉयनंही मुक्काम पणजीला हलवला. तेव्हा उरतात दोन: पणजी आणि सांखळी. पाणी एकच म्हणायचं, कारण सांखळीची वाळवंटी नदी पुढे पणजीच्या मांडवीलाच मिळते. चोर्ल्यातून उतरलात तर सांखळी आधी लागते, आणि बहुतेक गाड्या तिथे न थांबता पुढे निघून जातात.

आधी पणजी. राजधानीचा दर्जा तिला १८४३ साली मिळाला, पण नदीकाठचा आदिलशहाचा वाडा त्याहून कितीतरी जुना. आम्ही त्याला अजून जुनं सचिवालयच म्हणतो. चालायला तिथूनच सुरुवात करा. शेजारी आबे फारियाचा पुतळा: कोसळणाऱ्या बाईवर हात रोखून उभा असलेला पाद्री. नवखा माणूस दचकतोच. मामला संमोहनाचा आहे. गोव्यात जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये त्याचे प्रयोग करून दाखवायचा. जवळच म्हामाय कामतांचा वाडा. आत शिरायची जागा नव्हे, पण पोर्तुगीज सत्तेच्या इतक्या कुशीत एका हिंदू व्यापारी घराण्याचा वाडा उभा राहिला, हे बाहेरून बघतानाही विचार करायला लावतं.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांत नागमोडी पायऱ्यांची पांढरी चर्च. तिची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीनियन मठाची. मोडलेल्या घरातली भांडी धाकट्याच्या वाट्याला यावीत, तशी ती इथे आली. चर्चच्या मागच्या अंगानं आल्तिनोची टेकडी ओलांडून मळा आणि फोंताइन्हास या जुन्या वस्त्यांमध्ये उतरा. अरुंद गल्ल्या, कौलं, बलकांव म्हणजे दारापुढच्या ओसऱ्या, क्वचित एखादी शिंपल्याच्या तावदानांची खिडकी. ही घरं नांदती आहेत. भिंतीपुढे कपडे बदलबदलून फोटो काढणाऱ्यांना रहिवासी विटलेत, काही दारांवर तशा पाट्याही आहेत. पाटी दिसली की मोबाइल खिशात. त्यापेक्षा मारुती मंदिराच्या पायऱ्या चढा. वरून अख्खा मळा कौलांसकट दिसतो आणि कोणाच्या ओसरीत डोकावावं लागत नाही.

आता उणं. नदी आणि शहर यांच्यामध्ये वाहनांनी भरलेला रस्ता आहे, आणि पात्रात कॅसिनोच्या बोटी. नदी हवी म्हणून पणजीला आलेला माणूस तिथे थोडा हिरमुसतो. त्यावर माझा उपाय म्हणजे बेतीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे जा, त्याच बोटीनं परत या, आणि मांडवी एकदाची तुमची होते. दुसरं, दुपारी एकनंतर बरीच दुकानं तीन-साडेतीनपर्यंत बंद, आणि रविवारी तर अर्धं शहर झोपलेलं.

सांखळीची गोष्ट अगदी वेगळी. खरं सांगायचं तर पायी फिरण्याजोगा भाग लहान आहे. तासा-दीड तासात संपतो. मधल्या इमारती सिमेंटच्या, कुठल्याही तालुक्यात दिसतील अशा. रंगीत घरांचे फोटो हवे असतील तर इथे थांबूच नका. पण नदी इथे वापरातली आहे. वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूरचं विठ्ठल मंदिर, गावात दत्ताचं देऊळ, आणि आसपास सत्तरीच्या राणे घराण्याचा इतिहास. इथली देवळं नदीकाठी आहेत याचं कारणही इतिहासातच आहे. पणजीचा तिसवाडी तालुका पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीतला, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखातला; तिथली देवळं पडली, देव नदीपार गेले, आणि पणजीत महालक्ष्मीचं देऊळ उभं राहायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. सांखळी ज्या डिचोली तालुक्यात आहे तो आणि शेजारची सत्तरी अठराव्या शतकाच्या शेवटी, नव्या काबिजादीत आली. तोवर पोर्तुगिजांचा देवळं पाडण्याचा जोर ओसरला होता. एकाच दिवशी दोन्ही गावं पाहिलीत तर हा फरक पुस्तक न उघडता कळतो.

सांखळीला वार बघूनच यावं. सोमवारी बाजार असतो. सोलां (आमसुलं), अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), गावठी भाजी, पावसाळ्यात नशीब असेल तर अळमी (रानातली अळंबी), आणि भाव विचारताच कोकणीतून सुरू होऊन मराठीत संपणारी घासाघीस. मंगळवारी याच जागेवरून गेलात तर इथे काय बघायचं होतं, असं वाटेल. त्रिपुरी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटीत सजवलेल्या, दिव्यांच्या होड्या सोडतात. त्या रात्री मात्र पणजीचा विषयच काढू नये. गाडी असेल तर जवळच हरवळे: कोरीव लेणी, रुद्रेश्वर आणि धबधबा. धबधबा जून ते सप्टेंबर खरा; मार्चमध्ये कातळ बघून या. मुसळधार पावसात वाळवंटी बाजारात शिरते, हेही ध्यानात असू द्या.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी सांखळी सांगेन, कारण पणजीतल्या पायऱ्या गुडघ्यांचा हिशेब मागतात. गोवा पहिल्यांदाच बघणाऱ्याला आणि कॉलेजातल्या पोरांना पणजी, दुसरा विचार नको. आणि सोमवार असेल तर निवड करूच नका. घाट पहाटे उतरा, नऊपर्यंत सांखळीचा बाजार धरा, जेवण वाटेत डिचोलीला उरका आणि चारच्या सुमाराला, ऊन कललं की मळ्यात चालायला लागा. उलटं मात्र करू नका: दुपारी दोनला पणजीत बंद दारं बघायची आणि संध्याकाळी सांखळीत उठलेला बाजार.